चार खुर्च्या, तीन सुपाऱ्या

इरा आणि नील,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, इंग्लंडमध्ये काय काय बघितलंस?" मी म्हटलं, सविस्तर लिहून कळवते. त्यावर तुम्ही दोघंही एकदम गप्प झालात, म्हणजे काय येणार आहे ते तुम्हाला कळलं. तर ते हे.

राजवाडा मी बघितला नाही. विंडसरचा किल्ला शुभाआजीच्या गाडीतून दोनदा दिसला, दोन्ही वेळा पावसात, आणि दोन्ही वेळा ती म्हणाली, "ताई, पुढच्या वेळी उतरू." मोठं घड्याळ आणि लाल बस तुम्ही फोटोंत पाहिलेली आहेतच. मी सांगणार आहे ते एका धावण्याच्या ट्रॅकबद्दल आणि त्याच्या कडेला मांडलेल्या चार खुर्च्यांबद्दल. इरा शाळेच्या रिलेत धावते, त्यामुळे तिला ते लगेच समजेल. नीलला तिने समजावून सांगायचं, चिडायचं नाही.

मेडनहेड

शुभाआजी ही माझी धाकटी बहीण. तिने जन्मभर इथल्या हॉस्पिटलांत ऑपरेशनआधी लोकांना भूल दिली. आता निवृत्त होऊन ती मेडनहेडला राहते. विटांचं छोटं घर, मागे बाग आणि बागेत सफरचंदाचं एक झाड. त्याची फळं आंबट म्हणून कोणी खात नाही, खाली पडून सडतात. मला ते बघवेना. दुसऱ्याच दिवशी मी टोपलीभर गोळा करून, किसून, साखरेत शिजवून मुरांबा केला. शुभा बरणीतूनच चमच्याने खात म्हणाली, "इतकी वर्षं मला हे सुचलं कसं नाही?"

"तू लोकांना झोपवण्यात गुंतली होतीस," मी म्हटलं.

इथल्या माणसांची एक गंमत. बसमध्ये चुकून मी एका गृहस्थांच्या पायावर पाय दिला, तर सॉरी तेच म्हणाले. मी म्हटलं, चूक माझी आहे, तर त्यांनी पुन्हा सॉरी म्हटलं. पुण्यात याच प्रसंगावर किती वाक्यं खर्ची पडली असती, ते बाबाला विचारा.

एका दुपारी चहा पिताना शुभा म्हणाली, "ताई, तू ती मरून रंगाची शाल आणली आहेस ना कोणाला तरी द्यायला? ती मला दे. माझ्यासाठी नाही. मिस अर्लीनसाठी."

मिस अर्लीन हे नाव मी शुभाच्या मुलीच्या, तुमच्या गौरीआत्याच्या, लहानपणापासून ऐकत होते. शुभा तेव्हा मिल्टन कीन्सच्या हॉस्पिटलात होती आणि गौरीआत्याला शाळेत धावायला शिकवायच्या त्या या बाई. मूळच्या अमेरिकेतल्या, अलाबामाच्या. त्यांच्या तरुणपणी तिकडच्या मोठ्या विद्यापीठांची दारं काळ्या मुलामुलींना बंद होती. त्यांच्यासाठी वेगळी कॉलेजं होती, अजूनही आहेत. त्यांतल्या एका लहानशा कॉलेजच्या टीममधून त्या धावल्या. पुढे एका स्पर्धेसाठी इंग्लंडला आल्या, बार्बाडोसहून आलेल्या एका रेल्वे कामगाराशी लग्न केलं आणि इथेच राहिल्या. तुमच्या तिकडे, अमेरिकेच्या दक्षिणेत, मोठ्या बाईला नुसती नावाने हाक मारत नाहीत, नावाआधी 'मिस' लावतात, मग लग्न झालेलं असो वा नसो. आपण ताई किंवा बाई लावतो तसंच, फक्त पुढच्या बाजूने.

आता मिल्टन कीन्सच्या धावण्याच्या क्लबने ट्रॅकशेजारच्या भिंतीवर त्यांच्या नावाची पितळी पाटी बसवायचं ठरवलं होतं. क्लबचे सेक्रेटरी ग्रॅहम यांनी शुभाला फोन करून म्हटलं, तुम्ही इंडियन लोक शाल घालून जो सन्मान करता, तो करा ना, फोटो फार सुंदर येतात. ते काम शुभाने घेतलं आणि मी आल्यावर माझ्यावर ढकललं. "ताई, शाळेत तू मुख्याध्यापिका होतीस. सत्कार करण्यात तुझा हात कोण धरणार?"

मिल्टन कीन्स

हे शहर आधी कागदावर आखलं आणि मग बांधलं. माझ्या स्वभावाला ते आवडायलाच हवं होतं. रस्ते सरळ, सायकलींसाठी लाल रंगाच्या वेगळ्या वाटा, झाडं रांगेत. पण थोड्या थोड्या अंतरावर एक गोल चौक येतो, त्याला इथे राउंडअबाउट म्हणतात, आणि सगळे चौक जुळ्या भावंडांसारखे. शुभा इथे इतकी वर्षं राहिलेली, तरी एका चौकाला आम्ही दोन प्रदक्षिणा घातल्या.

"आता तिसरी घालणार असशील तर काहीतरी नवस बोल," मी म्हटलं.

"ताई, गप्प बस. मला एक्झिट मोजू दे."

मिस अर्लीन दारातच उभ्या होत्या. ऐंशी ओलांडलेल्या, उंच, हातात काठी, पण पाठ अशी ताठ की काठी शोभेसाठी धरली असावी असं वाटावं. "या, या. गौरीची आई आणि मावशी! गौरी अजून खांदे वर उचलून धावते का?" हा पहिला प्रश्न. गौरीआत्या आता पन्नाशीला आली आहे.

त्यांनी आम्हाला जेवायलाच बसवलं. एका बोलमध्ये पांढरट, मऊ, वाफाळणारं काहीतरी, वर लोण्याचा गोळा. मक्याची भरड शिजवून करतात, तुम्ही त्याला ग्रिट्स म्हणता. मी पहिला घास घेतला आणि थांबले.

"नाही आवडलं?" त्यांनी विचारलं.

"तसं नाही. माझी आई ज्वारीच्या कण्या करायची. अगदी हेच. आम्ही त्यावर ताक घालतो."

"ताक!" त्यांनी टेबलावर हात आपटला. "माझी आजी मक्याची भाकरी ताकात कुस्करून चमच्याने खायची."

"आम्ही हाताने खातो."

"तीही हातानेच खायची, पाहुणे नसले की."

यानंतर आम्ही पाहुणे राहिलो नाही.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक जुना फोटो होता. चार मुली, आखूड चड्ड्या, छातीवर कॉलेजचं नाव, डोळे उन्हाने बारीक केलेले. मिस अर्लीननी काठीनेच एकेक दाखवली. "ही रूबी, पहिली धावायची. हिला नेहमी घाई, बंदूक वाजायच्या आधी सुटायची. ही जोसी, दुसरी. हिला पोटात कळ यायची, प्रत्येक रेसच्या आधी, आणि मग वाऱ्यासारखी जायची. तिसरी मी. आणि ही एडना. शेवटची, सगळ्यांत वेगवान."

स्पर्धेला त्या कोचच्या गाडीतून जायच्या, तासन्‌तास. वाटेत हॉटेलं होती, पण त्यांना आत घेत नसत. म्हणून शेंगदाण्याच्या लोण्याची सँडविचेस सोबत न्यायची, कुठल्या तरी चर्चच्या फरशीवर झोपायचं आणि सकाळी उठून धावायचं. एडनाचे बूट कोणाचे तरी जुने, दोन नंबर मोठे. पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ती ते घालायची.

"जिंकलो तरी पेपरात आमची नावं येत नसत," त्या हसत म्हणाल्या. "पण पेपर आमच्याजवळ असायचा. एडनाच्या बुटात."

शुभाने माझ्याकडे बघितलं. आता मुद्द्यावर ये, असा त्याचा अर्थ. मी शालीबद्दल सांगितलं, नारळाबद्दल सांगितलं. मिस अर्लीननी सगळं नीट ऐकून घेतलं आणि माझ्या हातावर हात ठेवला.

"तुमची शाल सुंदर असणार, हनी. पण मी शनिवारी येणार नाही."

शुभाचा चमचा हातातच राहिला. "पण मिस अर्लीन, कार्यक्रम तुमचाच आहे."

"तेच तर. मी ग्रॅहमला म्हटलं, चार नावं घाल. तो म्हणाला, पाटी तयार झाली आहे, आणि बाकीच्या तिघी इथल्या नव्हत्या. खरं आहे, नव्हत्या. त्याच्यावर मी रागावलेली नाही. पण एकटीने धावलेल्या शंभर मीटरला कोणी रिले म्हणत नाही." त्या फोटोकडे वळल्या. "तिघी गेल्या. तिकडच्या पेपरात त्यांची नावं आली नाहीत, इकडच्या भिंतीवरही येणार नाहीत. आणि मी एकटी शाल पांघरून उभी राहू? एडना म्हणेल, काय ग अर्लीन, बॅटन पुढे न देता स्वतःजवळच ठेवलास?"

निघताना त्यांनी डबाभर मक्याची भाकरी दिली. आपल्यासारखंच, रिकाम्या हाताने कोणाला जाऊ द्यायचं नाही.

पुन्हा मेडनहेड

परतीच्या वाटेवर शुभा सारखी म्हणत होती, "ग्रॅहमला काय सांगू?" मी खिडकीबाहेर बघत होते. मेंढ्या, गवत, मेंढ्या. आणि मला तुमचा बाबा आठवला, चार वर्षांचा.

तुमचे आजोबा तेव्हा बोटीवर असायचे, सहा-सहा महिने. नव्या घरात आलो तेव्हाही ते समुद्रावरच होते. वास्तूची पूजा जोडीने करायची असते. गुरुजी म्हणाले, "हरकत नाही, शेजारी सुपारी मांडू." जो माणूस यायला हवा पण येऊ शकत नाही, त्याच्या जागी सुपारी ठेवायची, अशी आपल्याकडची रीत. माझ्याशेजारी पाटावर सुपारी मांडली, तिला हळदकुंकू लावलं, आणि मी तिच्यासोबत पूजा केली. तुमचा बाबा बराच वेळ बघत होता. मग आत जाऊन एक बिस्किट घेऊन आला आणि सुपारीपुढे ठेवून म्हणाला, "बाबा, बोटीवर बिस्किट मिळतं का?" गुरुजींचा मंत्र तिथेच थांबला. माझाही हात थांबला.

मी शुभाला म्हटलं, "सुपाऱ्या मांडू. तिघींच्या."

"ताई!" तिने गाडीचा वेगच कमी केला. "त्या दर रविवारी चर्चला जातात. त्यांच्या मैत्रिणींच्या जागी तू सुपाऱ्या ठेवणार? त्यांना अपमान वाटला तर?"

तिची भीती खरी होती. मला स्वतःला खात्री नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, नीट साडी नेसून मी फोन केला. फोनवर साडी दिसत नाही हे मला माहीत आहे.

मी सगळं सांगितलं, तुमच्या बाबाच्या बिस्किटासकट. ही प्रार्थना नाही, म्हटलं. ही जागा धरणं आहे. आमच्याकडे एस.टी.त रुमाल टाकून धरतात तशी. तुम्हाला पटलं नाही तर मी पुन्हा बोलणार नाही.

शुभा समोर उभी राहून ओठ चावत होती.

मग मिस अर्लीननी विचारलं, "केवढी असते ती?"

"जायफळाएवढी."

"आणि बसवणार कुठे?"

"आम्ही जमिनीवर पाटावर मांडतो."

"जमिनीवर नको. फरशीवर पुष्कळ झोपलोय आम्ही. खुर्च्या मांडा."

"मांडते."

"मग येते," त्या म्हणाल्या, आणि फोन पटकन ठेवून दिला.

स्लाऊ

आता सुपाऱ्या हव्या होत्या. शुभाच्या घरात कुंकवाचा करंडा होता, सुपारी नव्हती. आम्ही स्लाऊला गेलो. तिथे आपल्याकडची माणसं इतकी वर्षं राहताहेत की त्या रस्त्यावर कोणाला सॉरी म्हणायची सवय राहिलेली नाही. बरं वाटलं.

दुकानातल्या पंजाबी बाईंनी आधी गोड सुपारीची चकचकीत पाकिटं समोर टाकली. मी नको म्हटलं, तर कातरलेली, भाजलेली, बडीशेप घातलेली, सगळ्या तऱ्हा निघाल्या. "साबुत चाहिए, पूजावाली," शुभा म्हणाली. तेव्हा कुठे मागच्या फळीवरून, कापूर आणि वातींच्या आडून, पिशवी आली.

मी काउंटरवर एकेक ठेवून बघायला लागले. मांडायची सुपारी अखंड लागते, भोक पडलेली नको, आणि बुडाशी सपाट हवी, नाहीतर लवंडते. बाई थोडा वेळ बघत राहिल्या आणि मग त्याही निवडू लागल्या. "ये देखो आंटीजी, ये अच्छी बैठती है."

"तीन ही चाहिए."

"तीन? लोग तो पाँच ले जाते हैं."

"चौथी स्वतः येणार आहे," मी मराठीतच म्हणून गेले. शुभा हसत सुटली आणि त्या बाईही, काही न कळता.

मिल्टन कीन्स, शनिवार

वारा सुटला होता. इथले लोक अशा हवेला "फ्रेश" म्हणतात, आपण स्वेटर म्हणतो. ट्रॅक विटकरी रंगाचा, ओला. भिंतीवरच्या पाटीला निळा पडदा. मिस अर्लीनच्या जुन्या विद्यार्थिनी आल्या होत्या, काही स्वतःच आज्या झालेल्या. गौरीआत्या एडिनबराहून पहाटेच्या विमानाने आली आणि येताक्षणी मिस अर्लीननी तिचे खांदे खाली दाबले.

ग्रॅहम भले गृहस्थ. चार खुर्च्या मागितल्या तेव्हा ते म्हणाले, "अर्थात," आणि तीन खुर्च्यांवर मी एकेक सुपारी ठेवली तेव्हा पुन्हा म्हणाले, "अर्थात." पण त्यांचा चेहरा वेगळंच काही म्हणत होता.

खुर्च्यांचा क्रम मिस अर्लीननी लावला. रूबी, जोसी, स्वतः, एडना. धावायच्या त्याच क्रमाने. मग त्या आपल्या खुर्चीत बसल्या आणि काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली.

मी कुंकू उघडलं आणि तेवढ्यात वाऱ्याच्या झोताने खुर्च्या हलल्या. पहिली सुपारी खुर्चीवरून टुणकन उडाली आणि थेट ट्रॅकवर घरंगळत निघाली. इतकी निवडून घेतलेली! ग्रॅहम कोट सावरत तिच्यामागे धावले.

"रूबी!" मिस अर्लीन ओरडल्या, आवाज असा की अख्ख्या मैदानाने वळून बघितलं. "फॉल्स स्टार्ट!"

मग जो हशा पिकला त्यात ग्रॅहमही होते. त्यांनी सुपारी आणली, रुमालाने पुसली आणि खुर्चीवर ठेवताना अगदी हळू आवाजात तिला म्हणाले, "सॉरी, रूबी." या वेळी चेहराही तेच म्हणत होता.

मी एकेकीला कुंकू लावलं, फूल वाहिलं. प्रत्येक वेळी मिस अर्लीन पूर्ण नाव घेत, आणि मग एखादंच वाक्य. जोसी पुढे शाळेत गणित शिकवायची. रूबी चर्चमध्ये मोठ्याने गायची आणि बेसूर गायची. एडनाने नंतर एका कापडगिरणीत काम केलं, आणि ती किती वेगाने धावायची हे तिच्या शेजाऱ्यांनासुद्धा माहीत नव्हतं. शाल मी मिस अर्लीनच्या खांद्यांवर घातली. त्यांनी ती काढली, उलगडली, आणि एक टोक जोसीच्या खुर्चीवर, दुसरं एडनाच्या खुर्चीवर टाकलं. रूबीपर्यंत ती पुरेना. तेव्हा त्यांनी रूबीला उचलून जोसीशेजारी ठेवलं.

पडदा निघाला. पाटीवर एकच नाव होतं. ग्रॅहम पाटीखालच्या मोकळ्या जागेवर हात फिरवून म्हणाले, खाली आणखी एक पट्टी बसवता येईल का, ते कौन्सिलला विचारतो. कौन्सिलला विचारणं म्हणजे काय, ते शुभाला चांगलं माहीत आहे. तिने ग्रॅहमना सांगून टाकलं, "मी दर सोमवारी फोन करीन." ती करील.

नंतर चहा झाला. मी मिस अर्लीनना सांगत होते की कॉलेजात मी खो-खो खेळायचे. आमच्या खेळात पाठलाग करणारी मागून येऊन बसलेलीच्या पाठीवर थाप देते आणि 'खो' म्हणते. मागे बघायचं नसतं. खो मिळाला की उठायचं आणि पळायचं.

"आमचंही तेच," त्या म्हणाल्या. "एडना पुढे बघत हात मागे करायची. मी येते आहे की नाही, कधी वळून बघितलं नाही तिने. मी नेहमीच आले." आणि गुडघा चोळत, "तिची कबर मी बघितलेली नाही. आता हा गुडघा विमानात बसत नाही."

एडनाला कुठे पुरलं, ते त्यांनी सांगितलं. गावाचं नाव ऐकल्यावर मी शुभाकडून फोन घेऊन नकाशा उघडला. तुमच्या घरापासून गाडीने फार दूर नाही.

मिस अर्लीननी नकाशा बघितला, मग मला बघितलं. "मिस कुमुद," त्या म्हणाल्या, "जरा पाठ करून उभ्या राहा. हात मागे. तळवा वर. बघायचं नाही."

मी उभी राहिले. समोर ओला ट्रॅक होता, वारा होता. मागे काठी टेकल्याचा आवाज आला. मग माझ्या तळव्यात एडनाची सुपारी पडली आणि कानाशी मिस अर्लीन म्हणाल्या, "खो."

पुणे

रूबी आणि जोसी मिस अर्लीनच्या स्वयंपाकघरात आहेत, त्या फोटोखाली. एडना माझ्या देवघरात, चांदीच्या वाटीत आहे. बाबा दिवाळीला येतोय. जाताना ती त्याच्या खिशात असेल. त्याला सांगितलंय, विमानतळावर विचारलं तर लपवायचं नाही, काय ते खरं सांगायचं.

गावाचं आणि चर्चचं नाव मी बाबाला दिलं आहे. थंडी सरली की जा. फूल न्या, आणि नील, वाटलं तर एखादं बिस्किटसुद्धा.

पण त्याआधी एक काम. बाबा घरी पोचला की इराने अंगणात पाठ करून उभं राहायचं, हात मागे, तळवा वर. सुपारी नील देईल आणि काय म्हणायचं ते त्याला आता ठाऊक आहे. इरा, मागे बघू नकोस. तो येईल.

तुमची
आजी